मावशी आणि मोल

मराठी समीक्षेने ज्या शब्दांना कधी हिशेब विचारला नाही त्यांत ‘वात्सल्य’ हा शब्द अग्रभागी आहे. करुणेची झाडाझडती झाली, शृंगाराची झाली, वीररसाचे तर पार वाभाडे निघाले. दलित साहित्याने सौंदर्याच्या रूढ कल्पनेलाच नकार दिला. परंतु वात्सल्य मात्र सोवळ्यात राहिले. ते निरपेक्ष असते असे आपण गृहीत धरले, आणि निरपेक्ष असते म्हणून त्याचे मोल करू नये असेही. मग जी बाई दुसऱ्याचे मूल पगारावर सांभाळते तिचे काय करायचे? ती त्या मुलावर माया करते आणि महिना भरला की हात पुढे करते. ही दोन्ही कामे एकच बाई करते, ही गोष्ट आपल्या साहित्याला पेललेली नाही आणि समीक्षेला दिसलेली नाही, अशी माझी धारणा आहे. प्रस्थापित साहित्याने तिला एक तर देवी केले, नाही तर तिच्यावर चोरीचा संशय घेतला.

हे मी केवळ वाचनाच्या बळावर लिहीत नाही. २०१८ साली माझी प्रसूतीची रजा संपली तेव्हा मुलगी सहा महिन्यांची होती. मी महाविद्यालयात मराठी शिकवते, नवरा बँकेत आहे. सासूबाई गावी, आई थकलेली. बाई ठेवणे भाग होते. ती ठेवताना, तिचा पगार ठरवताना माझ्या तोंडून जी भाषा बाहेर पडली ती माझी नव्हती. ती मी कुठे तरी वाचलेली होती. ती कुठून आली याचा शोध घेता घेता हा लेख झाला आहे.

प्रथम जुने ग्रंथ पाहू. चरकसंहितेच्या शारीरस्थानात नवजात बालकासाठी धात्री कशी आणावी हे सांगितले आहे. अटींची यादी लांबलचक आहे. ती तरुण असावी, निरोगी, अव्यंग, निर्व्यसनी, चांगल्या कुळातली असावी, हलकी कामे करणारी नसावी, वत्सल असावी, तिचे स्वतःचे मूल जिवंत असावे आणि तिला दूध भरपूर असावे. या साऱ्यांच्या आधी पहिली अट येते ती अशी की ती समान वर्णाची असावी. सुश्रुतसंहितेचाही आग्रह वर्णानुसार धात्री आणण्याचाच आहे. तिचे स्तन कसे असावेत, दूध पाण्यात टाकून त्याची परीक्षा कशी करावी, याचा तपशील बारकाईने दिला आहे. तिला त्याबद्दल काय द्यावे याविषयी मात्र त्या उताऱ्यात अक्षर नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. वात्सल्य हा धात्रीचा आपोआप फुलणारा स्वभाव आहे असे चरक मानत नाही. तो तिच्या नेमणुकीची अट म्हणून ते मागतो. म्हणजे ज्याला आपण निरपेक्ष म्हणतो ते पहिल्यापासून कामाचा भाग आहे, फक्त त्याचे दाम लिहिलेले नाहीत.

आणि आमची बाई? ती वर्णाच्या अटीत बाद, ‘हलक्या कामा’च्या अटीत पुन्हा बाद. गावगाड्यात मात्र बाळंतपणाची कळ आली की बोलावणे आमच्याच वस्तीला येई. अनेक गावांत सुईण मांगाची असे. नाळ तिने कापायची, विटाळ तिने उचलायचा, आणि घर शुद्ध करताना बाहेर जायचे तेही तिनेच. मूल जगात आणणारे हात चालत, तेच मूल मांडीवर घेणारे हात चालत नसत.

शब्दांकडेही जरा पाहावे. ‘आया’ हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आला आणि साहेबाच्या बंगल्यात रुजला. पेशवाईतली ‘कुणबीण’ तर विकत घेतली जाई, तिला मोल होते पण ते तिच्या हाती पडत नव्हते. या सगळ्यांत मला ‘मोलकरीण’ हा शब्द प्रामाणिक वाटतो. मोल घेऊन काम करणारी. १९८० साली पुण्यातल्या घरकामगार बायांनी कामे बंद ठेवली आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली, तेव्हा त्यांनी हाच शब्द संघटनेच्या नावात घेतला. सुशिक्षितांना मात्र आता तो असभ्य वाटतो. त्याच्या जागी आम्ही ‘मावशी’ आणली. माय मरो पण मावशी जगो, ही आमची म्हण. मावशीचा मान मोठा, पण मावशीला पगार नसतो, सुट्टी नसते, आणि ती कामावरून घरी जायला उशीर झाला म्हणून तक्रार करत नाही. नाते आले आणि मोल गेले. यालाच आम्ही माणुसकी म्हणतो.

मीही मावशीच म्हटले. एका सहकारी बाईंनी तिला पाठवले होते. जालना जिल्ह्यातून दुष्काळात पुण्याला आलेली, नवरा बांधकामावर बिगारी, आमच्या सोसायटीच्या मागच्या वस्तीत दहा बाय दहाची खोली. दारात उभी राहून ती ‘जयभीम, मॅडम’ म्हणाली आणि मला हायसे वाटले. आपल्यातली आहे! हे मनात आले त्या क्षणी मला चरकाचा उतारा आठवायला हवा होता. तो चार महिन्यांनी आठवला.

आठ तासांचे नऊ हजार ठरले. सोसायटीत काय भाव चालतो ते विचारले आणि तोच दिला. ‘जास्त देऊ नका, बाकीच्यांचे रेट बिघडतात,’ असे शेजारणीने बजावलेही होते. बाजारभाव म्हणजे न्याय, असे मी वर्गात कधीही म्हटले नसते. प्रत्यक्षात माझी बस, रस्त्यावरची कोंडी, परीक्षेची कामे यांत आठाचे दहा तास रोजचेच झाले. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर दोनशे साठ तास होतात. तासाला चौतीस रुपये साठ पैसे. हे साधे भागाकाराचे गणित मी कितीतरी उशिरा केले. तोवर मी सर्वांना सांगत होते, आमच्या मावशी अगदी घरच्यासारख्या आहेत.

हे वाक्य मी कुठे वाचले होते? ते नेमके अशा शब्दांत कुठे आहे ते सांगता येणार नाही, पण त्याचा आत्मा रवींद्रनाथ ठाकूरांच्या १८९१ मधल्या ‘खोकाबाबूर प्रत्यावर्तन’ या कथेत आहे. ही कथा भारतीय भाषांतल्या कित्येक पिढ्यांनी सेवकाच्या एकनिष्ठेची कथा म्हणून वाचली. मीही तशीच वाचली होती, आणि रडले होते.

राईचरण बारा वर्षांचा असताना धन्याच्या घरी मूल सांभाळायला येतो. तो धन्याच्याच जातीचा आहे हे रवींद्रनाथ आवर्जून सांगतात. ते मूल मोठे होऊन मुन्सफ होते, आणि मग राईचरण त्याच्या मुलाला खेळवू लागतो. एके दिवशी मुलाच्या हट्टापायी तो फुले आणायला चिखलात उतरतो आणि तेवढ्यात मूल पद्मा नदीत नाहीसे होते. मालकिणीला संशय येतो की दागिन्यांच्या लोभाने यानेच मूल पळवले. राईचरण गावी परततो. उतारवयात त्याला मुलगा होतो, बायको मरते. त्या पोराच्या चालीबोलीत त्याला धन्याचे बाळ दिसू लागते. मग तो स्वतः उपाशी राहून, जमीन विकून त्याला बाबूसारखा वाढवतो आणि बारा वर्षांनी मुन्सफाच्या घरी नेऊन सांगतो की मीच तुमचे मूल चोरले होते, हे घ्या. मूल स्वीकारले जाते. राईचरणला त्या घरात जागा नाही. मुलगाच, म्हणजे त्याचा स्वतःचा मुलगा, उदारपणे सुचवतो की याला दरमहा काही तरी द्यावे. महिनाअखेर पैसे गावी पाठवले जातात आणि परत येतात. त्या नावाचा कोणी तिथे नाही.

या कथेत राईचरणला पगार काय होता हे कोणाच्याही लक्षात राहत नाही. पैसा लक्षात राहतो तो शेवटी, आणि तोही परत आलेला. मधल्या साऱ्या वर्षांचा हिशेब दुसऱ्याच चलनात झालेला आहे. धन्याचे मूल गेले, त्याची भरपाई नोकराने स्वतःचे मूल देऊन केली. ही एकनिष्ठा नाही, ही वसुली आहे. फरक एवढाच की वसूल करायला कोणी दारात उभे राहिलेले नाही, नोकर स्वतःच ती घेऊन येतो. कारण त्याच्या मनात लहानपणापासून हे बिंबले आहे की त्याचे मूल हे पहिल्यांदा धन्याचे देणे आहे.

रवींद्रनाथांना हे कळत नव्हते असे मी म्हणणार नाही. परत आलेल्या पैशांवर कथा थांबवणारा लेखक बावळट नसतो. बावळट ठरते ती आस्वादक समीक्षा. तिने त्या शेवटातला कारुण्यरस तेवढा चाखला आणि त्या पैशांचा अर्थ सोडून दिला.

पन्ना धायची मेवाडची कथा आपल्याला शाळेपासून पाठ आहे. बनवीर राजपुत्राला मारायला आला तेव्हा तिने उदयसिंहाच्या जागी स्वतःचा मुलगा निजवला. तिच्या पोराचे नाव चंदन होते, हे किती जणांना सांगता येईल? वर्गात मी विचारले तेव्हा एकाही हाताची हालचाल झाली नाही. त्याग तिचा, वंश त्यांचा.

महाश्वेता देवींची ‘स्तनदायिनी’ या परंपरेच्या मुळावरच घाव घालते. यशोदा ही गरीब ब्राह्मण बाई. हालदारांच्या घरच्या मोटारीखाली तिच्या नवऱ्याचे पाय जातात, आणि घर चालवायला ती त्याच हालदारांच्या नातवंडांना दूध पाजू लागते. दूध टिकावे म्हणून ती स्वतः पुनःपुन्हा गर्भार राहते. तिकडच्या सुनांचे बांधे शाबूत राहतात आणि इकडे यशोदेची बाळंतपणे वीसच्या घरात जातात. लेखिका यशोदेच्या आईपणाकडे धंदा म्हणून पाहते आणि तसे सरळ म्हणते, याचे मला फार मोल वाटते. मोबदल्यात तिला अन्न मिळते, कपडा मिळतो आणि पायावर डोके ठेवण्याइतका मान मिळतो. थोरली मालकीण गेल्यावर आणि दुधाची गरज सरल्यावर तो मान आटतो. पुढे तिच्या स्तनाला कर्करोग होतो. जिने पन्नासेक मुलांना पाजले ती रुग्णालयात एकटी मरते, आणि तिचे प्रेत जाळतो तो एक अस्पृश्य. मरणानंतरच्या त्या कामाला मात्र वर्णाची अट नाही!

गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक यांनी १९८७ साली या कथेचे इंग्रजी भाषांतर केले आणि तिच्यावर बरेच लिहिलेही. पुढे ती देशाचे रूपक म्हणून वाचण्याची रीत पडली. या रीतीशी माझे भांडण आहे. बाई रूपक झाली रे झाली की पगाराचा प्रश्न पुन्हा मिटतो. भारतमातेला महिन्याचा पगार कोण देणार? आणि दुसरे असे की यशोदा ब्राह्मण होती म्हणून तिच्या दुधाला तो तात्पुरता मान तरी मिळाला. तिच्या जागी त्या डोमाची बायको असती तर ही कथा पहिल्या पानावरच संपली असती.

या तिन्ही ठिकाणी मी आता एकच प्रश्न विचारते. दुसऱ्याचे मूल सांभाळणाऱ्या माणसाचे स्वतःचे मूल या वेळी कुठे आहे? चरकाला ते जिवंत असायला हवे होते, कारण त्यावरून दुधाची खात्री पटते. पुढे त्याचे काय झाले ते विचारायचे कारण नव्हते. पन्नाचे तलवारीखाली आहे. राईचरणचे धन्याच्या घरी बाबू होऊन बसले आहे. यशोदेची वीस मुले कथेत कुठे तरी आहेत, पण शेवटी उशाशी कोणी नाही. मूल सांभाळण्याच्या कामाची खरी किंमत मोजायची तर ती या गैरहजर मुलाच्या जागेवर उभे राहूनच मोजता येते. समीक्षेचा हा प्रश्न आहे, आणि पगार ठरवण्याचाही हाच आहे.

दलित साहित्याने एक फार मोठी गोष्ट केली. तिच्याकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही. या साहित्याने मोबदल्याला पानावर जागा दिली. दया पवारांच्या १९७८ सालच्या आत्मकथनाचे नावच ‘बलुतं’ आहे, म्हणजे राबल्याबद्दल गावाकडून मिळणाऱ्या वाट्याचे नाव. उर्मिला पवारांचे ‘आयदान’ (२००३) म्हणजे आईने विणून विकलेल्या बांबूच्या वस्तू. आमच्या आया या पुस्तकांत दिसतात त्या राबताना दिसतात, आणि त्या राबण्याचे काय मिळाले किंवा काय बुडाले हेही दिसते. प्रस्थापितांच्या मातृगौरवात ही नोंद सापडत नाही. घरकाम करणाऱ्या बेबी हालदार यांचे ‘आलो-आंधारि’ २००२ मध्ये हिंदीत आले, तेही याच वाटेवरचे. (तिथेही चांगला मालक ‘तातुश’ म्हणजे बाप होतोच. नात्याशिवाय चांगुलपणा दाखवायला आपल्याला शब्दच सापडत नाही की काय?)

पण आता एक अडचण आहे, आणि ती आपल्या लोकांनी ऐकून घेतली पाहिजे. आमची दुसरी-तिसरी पिढी पगार देणारी झाली. आमच्या फ्लॅटमध्ये बाबासाहेबांचा फोटो आहे आणि स्वयंपाकघरात दुसरी बाई आहे. ‘आम्ही राबलो’ हे आम्ही उत्तम लिहिले. ‘आमच्याकडे कोण राबते’ हे माझ्या वाचनात फारसे आलेले नाही. आमच्या कथेत अजून आमची मालकीण यायची आहे.

डिसेंबर महिन्यात मावशीला ताप आला. मला सकाळी नऊचा तास होता. दार उघडले तर तिची तेरा वर्षांची मुलगी उभी. ‘आईनं पाठवलंय, ताई. मी सांभाळते बाळाला, मला येतं.’ मला, खरे सांगते, कौतुक वाटले. किती जबाबदारीची माणसे! आणि मी गेले. दुसऱ्या दिवशीही गेले. तिसऱ्या दिवशी लवकर परतले तेव्हा ती जमिनीवर बसलेली होती. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधलेली, मांडीवर आठवीचे गणिताचे पुस्तक, आणि अंगठा लयीत हलतो आहे. माझी मुलगी गाढ झोपली होती.

चौदा वर्षांखालील मुलांना घरकामाला ठेवण्यावर २००६ पासून बंदी आहे, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. परंतु त्या क्षणी मला कायदा आठवला नाही. मला माझी अक्का आठवली. आमची आई मनमाडला रेल्वेतल्या एका साहेबाचे मूल सांभाळायला जाई, आणि आईच्या जागी मला सांभाळायला अक्का घरी राही. अक्काची शाळा पाचवीत सुटली. मी पीएच.डी. झाले. आई त्या बाईंबद्दल आजही म्हणते, लई चांगल्या होत्या, घरच्यासारखं वागवायच्या.

अक्कानंतर आठवले ते महारवतन. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. त्या वेळचा त्यांचा एक मुख्य आक्षेप असा होता की वतनी महाराच्या कामाला वेळेची मर्यादा नाही, चोवीस तास तो बांधलेला, आणि तो घरी नसला तर त्याच्या घरातल्या कोणालाही कामाला जुंपता येते. मोबदला एकाचा, राबणूक घराची. माझ्या दिवाणखान्यात नेमके हेच चालले होते. आईच्या नऊ हजारांत मी तिची मुलगीही वापरत होते, आणि त्याला जबाबदारी म्हणून गौरवत होते. वतन कायद्याने गेले ते १९५८ साली.

मग मी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ काढला. गृहस्थांच्या विनयात बाबासाहेबांनी धनी आणि सेवक यांच्यासाठी जे घेतले आहे त्याचे मूळ सिगालोवाद सुत्तात आहे. धन्याने पाच गोष्टी करायच्या. सेवकाला त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यायचे, अन्न आणि वेतन द्यायचे, आजारपणात त्याची काळजी घ्यायची, चांगलेचुंगले त्याच्याबरोबर वाटून खायचे आणि वेळोवेळी सुट्टी द्यायची. अन्न आणि वेतन असे आहे, अन्न किंवा वेतन असे नाही. आणि या पाचांत ‘त्याला घरच्यासारखे माना’ असा नियमच नाही. तथागताला हे सुचले नसेल असे वाटत नाही, कारण त्याला तर खरोखरच्या मावशीने वाढवले होते. महाप्रजापती गौतमीने संघात प्रवेश मागितला तेव्हा तिची बाजू मांडताना आनंदाने तिने दूध पाजल्याचा दाखला दिला. मायेचा उल्लेख मागणीच्या बाजूने झालेला मला आढळला तो हा एवढाच. एरवी तो नेहमी मागणी बंद करण्यासाठी होतो.

कायद्याकडून फार आधार नव्हता. किमान वेतनाचे विधेयक १९४६ साली मांडले ते मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनीच, पण १९४८ साली कायदा झाला तेव्हा त्याच्या मूळ परिशिष्टात घरकाम नव्हते. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. तो कल्याणाचा आहे, पगाराचा आकडा त्यात नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ साली घरकामगारांचा करार मंजूर केला, त्यात आठवड्याला सलग चोवीस तासांची विश्रांती सांगितली आहे. भारताने बाजूने मत दिले, पण पुढे त्याला मान्यता दिली नाही. तेव्हा कागद मलाच लिहावा लागला.

मावशी बरी झाल्यावर मी तिला समोर बसवून कागद काढला, तर ती घाबरली. ‘मॅडम, काढायचा इचार हाये का?’ एरवी ती मला ताई म्हणू लागली होती. पैशाचा विषय निघाला की पुन्हा मॅडम होई, हे माझ्या तेव्हाच ध्यानात आले. तिच्या अनुभवात कागद निघतो तो काढून टाकतानाच. आम्ही दोन संध्याकाळ बसलो. नऊ ते सहा अशी वेळ ठरली, पुढच्या प्रत्येक तासाचे वेगळे पैसे. रविवार सुट्टी, शिवाय १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, ६ डिसेंबर. आजारपणाचा पगार कापायचा नाही. आमच्या बाजूने काम बंद राहिले, म्हणजे आम्ही गावी गेलो वगैरे, तरी पगार पूर्ण. दिवाळीला एक पगार जादा. तेरा हजार. तासाला साडेपंचावन्न रुपये. नवऱ्याने घराच्या हप्त्याचा आकडा दाखवला आणि मी त्याला भागाकार दाखवला. भांडण झाले. ते येथे लिहिण्यासारखे नाही.

मुलीने आमच्याकडे कामाला यायचे नाही, हे कलम मी मोठ्या अभिमानाने घातले. मावशी गप्प राहिली. मग म्हणाली, ‘ती हितं नाही आली तरी घरी बसतीच की, ताई. धाकटा चार वर्षांचा हाये. अंगणवाडी सुटल्यावर त्याला कोण बघल?’ मला हे चार महिन्यांत ठाऊकच नव्हते. मी कधी विचारले नव्हते. तिने पैसे वाढवून मागितले नाहीत. तिने मागितले ते एवढेच की सकाळी साडेनऊला येऊ द्या, पोराला मीच सोडून येते. ते मी लगेच मान्य केले, सोपे होते ते. दुपारचे मात्र काहीच सुटले नाही. वस्तीत पाळणाघर नव्हते. माझ्या महाविद्यालयातही नव्हते, म्हणूनच तर ती माझ्या घरी होती. तेरा हजारांनीही तिच्या मुलीची दुपार विकत घेता आली नाही. मुलगी सकाळच्या शाळेत नाव बदलून गेली आणि दुपारी भावाला सांभाळू लागली.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. सोसायटीने कामाच्या बायांना फाटकाशीच अडवले. मी एप्रिल, मे, जूनचा पगार पूर्ण पाठवला. जुलैमध्ये निम्मा पाठवला. नवऱ्याचा भत्ता कापला गेला होता, हे खरे. पण मी मनात जे कारण तयार केले ते वेगळे होते. काम आमच्या बाजूने बंद नाही, सरकारच्या बाजूने बंद आहे, तेव्हा ते कलम लागू होत नाही. शब्दांचे अर्थ लावण्यात ज्या बाईचे आयुष्य गेले तिने लावलेला हा अर्थ!

दोन दिवसांनी फोन आला. मावशीचा असेल म्हणून उचलला, तर तिची मुलगी होती. तिने नमस्कार केला, बाळ कसे आहे विचारले, आणि म्हणाली, ‘ताई, आईच्या कागदावर काय लिहिलंय ते वाचून दाखवू का?’ मी नको म्हणायच्या आत तिने ते कलम वाचले. माझेच अक्षर, पण ती कुठे अडखळली नाही. नंतर विचारले, ‘यात ‘वगैरे’ लिहिलंय. वगैरेमध्ये हे येत नाही का?’

उरलेला निम्मा पगार मी त्याच दुपारी पाठवला.